जिप्सी दोन इंच उचलायची आहे: पाटे कोणते, शॉकअप कोणते?

हिंगणघाट_पांधण

रामराम मंडळी. गाडी मारुती जिप्सी एमजी ४१३, हार्ड टॉप. काम शेतीचं. गावापासून वावरापर्यंत अडीच किलोमीटर पांधण (शेतरस्ता), सगळी काळी माती. पावसाळ्यात ट्रॅक्टर आणि बंडीनं पाडलेल्या चाकोऱ्या मार्चपर्यंत वाळून गोट्यासारख्या टणक होतात, मग मधला उंचवटा खालून घासते. गाडीत ड्रायव्हर धरून पाच जणं, फवारणीच्या दिवसांत मागे दीडशे लिटर पाण्याचा ड्रम. भरल्यावर मागचं बूड खड्ड्यात ठकठक टेकते.

मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) बाजारातले, पाच पाट्यांचा संच, प्रत्येक पाटा ६ मिमी जाड. टायर २०५/७० आर १५. पुढे विंच नाही, जड बंपर नाही. गॅरेजवाले तीन तऱ्हेचं सांगून राहिले: एक म्हणतो शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी झुलती कडी) लांब कर, दुसरा म्हणतो आहे तेच पाटे पिटवून कमान वाढव, तिसरा म्हणतो नुसते हेवी शॉकअप टाक, गाडी आपोआप उचलते. कोणाचं ऐकावं?

लोखंड_अमरावती

भाऊ, आधी दोन दुखणी वेगळी करा. खालून घासणं एक आणि भरल्यावर मागून टेकणं दुसरं. दोघांची औषधं वेगळी आहेत.

जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग एक्सल आहे. पाटे कितीही उंच केले तरी एक्सलचा गोळा (डिफरन्शियल) जमिनीपासून तेवढाच राहतो, कारण एक्सल टायरवर उभा आहे. लिफ्टनं वर जाते ती चेसिस, टाकी, सायलेन्सर आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी). गोळा उचलायचा असेल तर टायरच मोठा लागतो. २०५/७० आर १५ चा व्यास हिशेबानं ६६८ मिमी, २१५/७५ आर १५ चा ७०३ मिमी. फरकाच्या निम्मं, म्हणजे १७-१८ मिमी गोळ्याखाली मिळतात. २३५/७५ आर १५ घेतला तर ३३ मिमी मिळतात, पण तेवढ्या टायरला गिअरिंग उंच होतं, पहिल्या गिअरमध्ये चिखलात दम कमी पडतो, आणि काळ्या मातीत रुंद टायर चिखल जास्त उचलतो. तुमच्या कामाला २१५/७५ पुरे.

लिफ्टचं मुख्य काम म्हणजे त्या टायरला मडगार्डच्या कमानीत जागा करणं आणि चेसिस वर नेणं. भरल्यावर टेकणं हा मात्र पाट्याच्या कडकपणाचा प्रश्न आहे आणि तिथेच तुमचा खरा पैसा लागायला पाहिजे.

आता तिघांचं. शॉकअपनं गाडी उचलत नाही. शॉकअपचं काम पाट्याची उसळी दाबणं. गॅसचा शॉकअप काही मिलिमीटर वर ढकलतो, त्याला लिफ्ट म्हणत नाहीत. शॅकल जेवढी लांब कराल त्याच्या निम्मीच उंची मिळते: ५० मिमी लांब शॅकल, २५ मिमी लिफ्ट. जिप्सीच्या पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला आहे. ती लांब केली की एक्सल पुढे झुकतो, कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा मागे झुकाव) कमी होतो, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि डांबरी रस्त्यावर गाडी भरकटते. पिटवून कमान वाढवलेला जुना पाटा काही महिन्यांत परत बसतो. त्याचा कडकपणा तर तसूभरही वाढत नाही, म्हणजे भरल्यावर खाली बसणं तेवढंच.

कोणताही पाटा घ्यायच्या आधी वजन पाहा लागते. किती इंच उचलायची हे नंतर.

तोंडापूर_४बाय४

वजनाचं सोपं आहे. जिनिंगच्या किंवा बाजार समितीच्या काट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. रिकामी एकदा आणि रोजच्या भारानं भरून एकदा. मोठा काटा ५ किंवा १० किलोच्या टप्प्यात दाखवतो, म्हणून प्रत्येक आकडा दोनदा घ्या. काटा आणि बाजूची जमीन एका पातळीत पाहिजे, चढावर असेल तर पुढचं-मागचं वजन खोटं येतं. आणि आरसीवरचं ग्रॉस वेट (भरलेल्या गाडीचं कमाल वजन) पाहून ठेवा. पाटा कडक केला म्हणून एक्सल, ब्रेक आणि बेअरिंग जास्त वजनाचे होत नाहीत.

हिंगणघाट_पांधण

काटा केला. रिकामी: पुढे ५४०, मागे ४८०. भरलेली: पुढे ६४०, मागे ८३०.

लोखंड_अमरावती

म्हणजे ४५० किलोच्या भारातले ३५० मागे जाऊन राहिले. पुढे फक्त १००. पुढचा पाटा कडक करायची गरजच नाही, हे इथेच ठरलं.

आता मागच्या पाट्याचा कडकपणा घरीच मोजा. खताच्या चार पिशव्या घ्या. डीएपीची पिशवी ५० किलोची, युरियाची ४५ ची असते, युरिया घेतला तर ५० धरू नका. गाडी सपाट जागी, हँडब्रेक सोडून, गिअर न्यूट्रल, पुढच्या चाकाला उटी (अडसर). हँडब्रेक लावलेला असला तर पाटा मोकळा दबत नाही. मागच्या चाकाच्या बरोबर मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मिमीमध्ये घ्या. चार पिशव्या बरोबर मागच्या एक्सलवर येतील अशा ठेवा, गाडी हातानं दोन-तीनदा दाबून सोडा, परत मोजा. मग पिशव्या काढून परत मोजा. पाटे एकमेकांवर घासतात, म्हणून चढताना आणि उतरताना आकडा वेगळा येतो. दोन्हींची सरासरी घ्या.

सोबत हेही मोजा, मागच्या दोन्ही बाजूंना: बंप रबर (एक्सल चेसिसवर आदळू नये म्हणून लावलेलं) आणि एक्सलमधलं अंतर, शॉकअपच्या वरच्या डोळ्यापासून (बोल्टच्या भोकापासून) खालच्या डोळ्यापर्यंत उभ्या गाडीतलं अंतर, शॉकअप काढून पूर्ण दाबलेला किती आणि पूर्ण उघडा किती.

हिंगणघाट_पांधण

२०० किलोला सरासरी ५२ मिमी दबली.
रिकाम्या गाडीत बंप रबरपाशी १०५ मिमी मोकळं.
शॉकअप उभ्या गाडीत डोळा ते डोळा ४३०. काढल्यावर पूर्ण बंद ३००, पूर्ण उघडा ४९०. मागचा शॉकअप जवळपास सरळच उभा आहे. डाव्या-उजव्यात तीन-चार मिमीचा फरक आहे, इथे सरासरी दिली.

लोखंड_अमरावती

उत्तम मोजलं. आता पाहा.

२०० भागिले ५२ म्हणजे ३.८५ किलो दर मिमी, दोन्ही पाट्यांचं मिळून. एका पाट्याचं १.९२. मागे ३५० किलो चढले की ३५० भागिले ३.८५, म्हणजे ९१ मिमी बसते. रबरपाशी १०५ होते, उरले १४ मिमी. चौदा मिलिमीटरवर पांधणीतून जाऊन राहिले तुम्ही. ठकठक येणारच, आणि दर ठक्याला धक्का थेट चेसिसच्या कानाला लागतो, जिथे वेल्डिंग आधी तडकते.

दोन इंच म्हणजे ५० मिमी होतात, आपण ४० च धरू. नुसती कमान ४० मिमी वाढवली तर भरल्यावर ५४ उरतील, पण पाटा तितकाच मऊ. खड्ड्यातला झटका भरल्या वजनावर दुप्पट होतो, ५४ लगेच संपतात. कडकपणा तीसेक टक्के वाढवला पाहिजे.

पाट्याचा कडकपणा जाडीच्या तिसऱ्या घातानं वाढतो. सहाचा पाटा सात मिमी केला तर तो एकटा १.५९ पट कडक होतो. आठ केला तर २.३७ पट. पाच पाटे सहा मिमीचे आहेत, त्यांत सहावा सात मिमीचा लांब पाटा घातला तर पूर्ण संच साधारण ३२ टक्क्यांनी कडक होईल. एका पाट्याचं १.९२ चं २.५४ होईल, दोन्हींचं ५.०८. भरल्यावर बसणं ३५० भागिले ५.०८, म्हणजे ६९ मिमी.

सहावा आठ मिमीचा घातला तर ४७ टक्के. गॅरेजवाले हौसेनं आठच घालतात. मग रिकामी गाडी दगडावर दगड. रिकाम्या गाडीत तुमची मागची उसळी आता सेकंदाला साधारण १.६ वेळा आहे, सात मिमीनं १.९ होईल. दोनच्या वर गेली की मागे बसणाऱ्याचं डोकं छताला लागतं आणि टणक चाकोरीत चाक जमीन सोडतं. चाक हवेत असताना ना ब्रेक लागतो, ना पकड राहते.

जाड पाटा पातळांमध्ये मिसळताना एक जपा. सारखाच वाकवला तर जाड पाट्यात ताण जास्त येतो, सहाच्या तुलनेत सातमध्ये सतरा टक्के. म्हणून जाड पाट्याची स्वतःची कमान थोडी कमी ठेवतात आणि तो तळाकडे घालतात. ज्याला हे माहीत नाही त्याच्याकडून पाटा बनवून घेऊ नका, सेंटर बोल्टच्या (पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) भोकातून मोडतो.

मेळघाट_घाटरस्ता

हेल्परचा पर्यायही सांगतो. आहे तो संच ठेवून तळाशी एक जवळपास सरळ जाड पाटा, जो रिकाम्या गाडीत वरच्याला टेकत नाही आणि ४०-५० मिमी बसल्यावरच कामाला लागतो. रिकामी गाडी मऊ, भरलेली कडक. आठवड्यातून चार दिवस रिकामी आणि दोन दिवस भरलेली अशी गाडी असेल तर हे सगळ्यांत बरं. रोजच भरलेली असेल तर लोखंड भाऊ म्हणतात तसा सहावा पाटा.

ताडोबा, नागझिऱ्याच्या सफारी जिप्सींचं गणित वेगळं आहे. सहा पर्यटक, गाईड, ड्रायव्हर म्हणजे पाचशे किलोच्या आसपास, तेही उंच सीटवर. तिथे पाटा कडक पाहिजे पण उंची वाढवू नये, वजन आधीच वर आहे. त्यांची पाहून शेतीची गाडी बनवू नका, आणि उलटही करू नका.

हिंगणघाट_पांधण

मी रोजच भरतो, सहावा पाटा ठरला. मग पाटेवाल्याला सांगू ना, सात मिमी आणि कमान ४० मिमी वाढव?

लोखंड_अमरावती

थांबा! बहुतेक गाड्या इथेच बिघडतात.

रिकाम्या गाडीत मागच्या एका पाट्यावर किती वजन आहे ते धरा. मागे ४८०, त्यातून एक्सल-चाकांचे साधारण १२० वजा, ३६०, एका बाजूला १८०. जुना पाटा १८० किलोला ९४ मिमी बसतो. नवा ७१ च बसेल. म्हणजे नुसत्या कडकपणानंच २३ मिमी उचल मिळाली. तुम्हाला एकूण ४० पाहिजे, तर सुट्या पाट्याची कमान फक्त १७ मिमी वाढवायची. ४० सांगितलं असतं तर गाडी ६३ वर गेली असती. मग पिनियनचा कोन (प्रॉपेलर शाफ्ट गोळ्याला जुळते तिथला), ब्रेकचा पाइप, सगळंच मागे लागलं असतं.

पाटेवाल्याला असं सांगा: पूर्ण संच बांधून, १८० किलो भाराखाली, आत्ताच्या संचापेक्षा ४० मिमी जास्त उंच पाहिजे. ज्याच्याकडे प्रेस आहे तो तिथेच दाबून दाखवतो. डावा आणि उजवा पाटा त्याच भाराखाली ५ मिमीच्या आत सारखे आले पाहिजेत. नवा पाटा ईएन ४५ किंवा ६५ एसआय ७ चा, तेल-पाणी दिलेला. भट्टीत तापवून हातोड्यानं कमान काढून तसाच हवेत थंड केलेला पाटा घेऊ नका, त्याचा दम गेलेला असतो. आणि पाट्याला वेल्डिंगचा एक थेंबही लावायचा नाही, कानाजवळ तर अजिबात नाही. मुख्य पाट्याच्या डोळ्यावर दुसऱ्या पाट्याचा वेढा असेल तर तो संच निवडा. मुख्य पाटा डोळ्यात तुटला तरी एक्सल जागेवर राहतो.

पुढे फक्त ४० मिमी जास्त कमानीचे नवे पाटे, तितक्याच कडकपणाचे. पुढे एक्सल आणि पाट्यामध्ये ठोकळा कधीच घालू नका. मागे एखादा चालतो, पण एकावर एक दोन ठोकळे कुठेच नाहीत. ठोकळ्यानं पाट्यावरचा पीळ वाढतो, पाटा इंग्रजी एससारखा वाकतो आणि क्लच सोडताच मागून धडधड येते.

शॉकअप_वरुड

पाट्याचं झालं, आता शॉकअपचं माझ्याकडे द्या.

तुमचा शॉकअप बंद ३००, उघडा ४९०. म्हणजे स्ट्रोक १९०, आणि बंद लांबीतून स्ट्रोक वजा केला की ११० मिमी मेली लांबी: डोळे, सील, तळ. ही मेली लांबी कोणीच फुकट कमी करून देत नाही. म्हणून उघडी लांबी वाढवायची तर बंद लांबीही वाढते. सगळी ओढाताण यातच आहे.

गाडी ४० नं वर गेली की उभ्या गाडीत डोळा ते डोळा ४७० होईल. जुनाच शॉकअप ठेवला तर उघडायला फक्त २० मिमी उरतात. चाक खड्ड्यात उतरलं की शॉकअप ताणून थांबतो आणि एक्सलचं पूर्ण वजन त्याच्या दांड्यावर लटकतं. आधी टपटप आवाज, मग सील जाते, मग खालचा डोळा तुटतो. लिफ्ट केल्यावर "शॉकअप टिकत नाहीत" अशी तक्रार असते ना, त्यातल्या बहुतेकांत शॉकअप चांगलाच असतो, मापात आखूड असतो.

आता दाबाकडची बाजू. रिकामी उंची ४३०, रबर १०५ खाली, म्हणजे ३२५ वर एक्सल रबरला टेकतो. जोरात आदळलं की रबर दबतं, अजून १५ धरा, ३१०. तुमचा शॉकअप ३०० ला बंद होतो, १० मिमी शिल्लक. बरोबर आहे. लांब शॉकअप घातला आणि रबर तिथेच ठेवलं तर रबरच्या आधी शॉकअप तळाला लागेल, पिस्टन तळातला व्हॉल्व्ह फोडेल किंवा वरचं ब्रॅकेट उपटेल.

म्हणून बंप रबर २५ मिमी खाली आणायचं. ट्रॅक्टरच्या रबरचा तुकडा ठोकू नका. चेसिस आणि रबरच्या पत्र्यामध्ये २५ मिमीचा स्टीलचा स्पेसर, लांब बोल्टनं. मग टेकण्याची लांबी ३५०, दबून ३३५. शॉकअप घ्या बंद ३२०, उघडा ५३०. स्ट्रोक २१०, मेली लांबी तीच ११०. दाबाकडे १५ मिमी शिल्लक, उघडताना ४७० पासून ६० मिमी, म्हणजे आज आहे तेवढंच. भरल्यावर ४७० वजा ६९ म्हणजे ४०१, रबरपर्यंत ५१ मिमी. चौदाचे एक्कावन्न.

दुकानात "दोन इंच लिफ्टचा शॉकअप" असं मागू नका. ३२०-५३०, वर-खाली डोळा की पिन, बुशची रुंदी आणि बोल्टचा व्यास, एवढं कागदावर लिहून न्या. पाच-सात मिमी इकडेतिकडे चालेल, पण बंद लांबी ३२५ च्या वर नको.

झाडीपट्टी_लाखनी

ट्विन ट्यूब घ्यावा की मोनोट्यूब? आमच्याकडे बांधीच्या (धानाच्या शेताच्या) पारीवरून गाडी नेताना खालचा डोळा गोट्याला लागतो.

शॉकअप_वरुड

गोटे लागत असतील तर ट्विन ट्यूब. पिस्टन आतल्या नळीत चालतो, बाहेरच्या नळीला थोडा पोचा पडला तरी काम चालू राहतं. मोनोट्यूबमध्ये पिस्टन थेट बाहेरच्या नळीलाच घासून चालतो, बोटभर पोचा पडला की अडकला. मोनोट्यूबचा फायदा उष्णतेत. तेल एकाच भिंतीआड असतं, लवकर थंड होतं, आणि जास्त दाबाच्या नायट्रोजनमुळे तेलाला फेस येत नाही. पन्नास किलोमीटर मुरमाच्या पन्हाळी रस्त्यावर वेगानं जाणाऱ्याला मोनोट्यूब शोभतो.

या धाग्यातल्या गाडीला कमी दाबाचा गॅस असलेला ट्विन ट्यूब. साधा बिनगॅसचा तेलाचा शॉकअप मे महिन्यात ४५ अंशांत टणक चाकोरीवर दहा मिनिटांत फेसाळतो, गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी होते, थंड झाली की परत ठीक. पुष्कळ जण त्याला शॉकअप गेला समजून बदलतात.

किती कडक घ्यायचा? पाटा ३२ टक्के कडक झाला, तर शॉकअप साधारण १५ टक्के कडक पुरतो, कारण डॅम्पिंग वर्गमुळाच्या हिशेबानं वाढवतात. ती वाढ उसळीच्या बाजूला, म्हणजे शॉकअप उघडताना पाहिजे. दाबाच्या बाजूचं काम पाटा करतो. सगळ्यांत कडक मिळेल तो घेतला की सलग खड्ड्यांत गाडी दर खड्ड्याला थोडी थोडी खाली बसत जाते, वर यायला वेळच मिळत नाही, आणि पाच-सहा खड्ड्यांनी परत रबरला टेकते. माणूस म्हणतो पाटा मऊ आहे, दोष शॉकअपचा असतो. उलट, खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डुलली तर उसळी दाबणारा जोर कमी पडतो.

मागचा शॉकअप सरळ आहे म्हणून हे आकडे थेट लागू. ज्यांचा तिरपा आहे त्यांनी लक्षात घ्या: ३० अंश तिरपा असेल तर त्याचा तीन चतुर्थांशच जोर चाकाला पोचतो, ४५ अंशांत निम्मा.

मोर्शी_थार

माझ्याकडे जुनी थार सीआरडीई आहे, पुढे टॉर्शन बार (पिळातून स्प्रिंगचं काम करणारा दांडा). बोल्ट आवळला की पुढून वर येते. तेवढंच करू का?

लोखंड_अमरावती

२५ मिमीच्या आत ठेवा. बोल्ट आवळल्यानं बारचा कडकपणा वाढत नाही, फक्त सुरुवातीची जागा बदलते. वर गेलेले मिलिमीटर खाली उतरण्यातून वजा होतात. जास्त आवळला की वरचा आर्म उभ्या गाडीतच चाकाचं खाली उतरणं थांबवणाऱ्या रबरपाशी जाऊन बसतो, दर खड्ड्याला खटका येतो, आणि सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या वाकत्या जोडाचा) कोन वाढून त्यावरचा रबरी बूट फाटतो. काळी माती त्या बुटात गेली की जॉइंट एका हंगामात संपतो. मागे पाटे आहेत, तिथे हाच सगळा हिशेब.

नव्या थारला मागे कॉइल आणि सलग एक्सल, जिम्नीला चारही बाजूंना कॉइल आणि दोन्ही एक्सल सलग. कॉइलमध्ये तारेची जाडी चौथ्या घातानं लागते: १२ मिमीची तार १३ केली तर ३८ टक्के कडक. म्हणून कॉइल डोळ्यांनी पाहून निवडू नका, किलो दर मिमी विचारा. तिथे शॉकअपची उघडी लांबी अशी पाहिजे की पूर्ण लटकल्यावरही कॉइल आपल्या बशीत दाबलेलाच राहील. शॉकअप जास्त लांब झाला तर कॉइल बशीतून सुटतो आणि परत बसताना तिरपा बसतो. आणि पॅनहार्ड रॉड (एक्सलला आडवा धरून ठेवणारा दांडा) असतो, गाडी उचलली की एक्सल बाजूला ओढला जातो. लांबी बदलता येणारा रॉड लावून एक्सल परत मधोमध आणा लागते.

तोंडापूर_४बाय४

बसवण्याच्या दिवशीचं मी लिहितो, कारण मापं बरोबर असूनही इथे घोळ होतो.

चेसिसखाली घोड्या (स्टँड) लावा, जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. यू-बोल्ट (पाटे एक्सलला बांधणारे) नवेच घ्या. जुना एकदा ताणला गेलेला असतो, परत आवळला तर नट बसतो पण पकड राहत नाही. संच एका पाट्यानं जाड झाला, म्हणून यू-बोल्ट सात-आठ मिमी लांब पाहिजे. आवळल्यावर नटाबाहेर दोन-तीन आटे दिसलेच पाहिजेत. चारही नट फुलीच्या क्रमानं थोडे थोडे, शेवटी टॉर्क पान्यानं, गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातल्या आकड्यानं. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या खाचेत पूर्ण बसलं की नाही ते बोटानं चाचपा.

शॅकल आणि डोळ्याचे बोल्ट आता फक्त हातानं लावा. गाडी चाकांवर उतरवा, चार-पाच वेळा हलवा, मग आवळा. रबरी बुश पिळातून काम करतात. लटकलेल्या अवस्थेत आवळले तर उभ्या गाडीत ते कायम पिळलेले राहतात, महिन्या-दोन महिन्यांत फाटतात आणि गाडी वीसेक मिमी खोटी उंच दिसते. लिफ्ट "बसली" म्हणून पाटेवाल्याशी भांडण होतं ते बरेचदा यामुळे.

ट्विन ट्यूब शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, गॅस आणि तेल मिसळलेलं. लावायच्या आधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबा आणि उघडा. मध्ये कुठे मोकळी जागा लागली नाही की तयार. तोपर्यंत परत आडवा ठेवू नका.

मग मागचा एक्सल घोडीवरून लटकवून ब्रेकचा रबरी पाइप पाहा. तो ताणला जात असेल तर लांब पाइप लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका. पुढे तोच तपास स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून. प्रॉपेलर शाफ्टच्या सरकत्या जोडावर आधीच खडूची रेघ मारून ठेवा, लिफ्टनंतर किती बाहेर आला ते दिसतं. ४० मिमीला जिप्सीत सहसा निभतं, तरी पाहा. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे नसतील तर ५०-६० च्या वेगाला खालून घरघर येते. मग पाटा आणि एक्सलमध्ये स्टीलची पाचर, दोन ते तीन अंशांची. ॲल्युमिनियमची पाचर चेपून निघून जाते.

ज्या गाडीत मागच्या ब्रेकला भारानुसार दाब देणारा व्हॉल्व्ह आहे, तिथे त्याची दांडी लिफ्टइतकी जुळवून घ्या. मागून उचललेली गाडी त्या व्हॉल्व्हला रिकामी वाटते, भरलेल्या गाडीचा मागचा ब्रेक कमी लागतो. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं आणि सगळ्यात धोक्याचं आहे.

ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा जोर चाकाकडे नेणारा दांडा) जुळवून स्टिअरिंग मधोमध आणा, टो (पुढच्या चाकांची आत-बाहेर दिशा) करून घ्या, हेडलाइट खाली करा.

मेळघाट_घाटरस्ता

कायद्याचं कोणी लिहिलं नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडी बदलता येत नाही, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. आरटीओकडे आधी विचारून घ्या. विमा कंपनीला कळवलं नाही तर अपघातानंतर दावा अडतो. मजूर बसतात त्या गाडीत हे हलकं घेऊ नका. जिप्सी अरुंद आहे, ४० मिमीच्या पुढे जाऊ नका. धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) एक चाक चढलं की फरक कळतो.

हिंगणघाट_पांधण

सगळं वहीत लिहून घेतलं. शेवटचं एक. पाट्यांमध्ये ग्रीस मारायचं की नाही? इथे दोघं दोन सांगतात.

लोखंड_अमरावती

काळ्या मातीत नाही. ग्रीसला माती चिकटते, ती वाळली की पाट्यांमध्ये कानसेसारखी चालते. बांधतानाच पाट्यांच्या टोकाला प्लास्टिकच्या चकत्या घाला, नाही तं कोरडा ग्रॅफाइट. ग्रीस फक्त जिथे निपल आहे त्या शॅकल पिनला, आणि तिथे जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा.

पांधणीतून आल्यावर चिखल ओला आहे तोवरच पाण्याचा पाइप पाट्यांच्या कडेनं आणि शॅकलच्या फटीत सोडा. वाळला की तो सिमेंटसारखा बसतो, शॅकल फिरत नाही, आणि तुम्ही मोजून घेतलेला पाटा अर्धाच काम करतो. शॉकअपचा दांडा कापडानं पुसा. त्यावरची वाळकी माती सील कापते.

तोंडापूर_४बाय४

आणि यू-बोल्ट १०० किलोमीटरनंतर परत आवळा, ५०० ला परत. नवे पाटे एकमेकांवर बसतात, संच मिलिमीटरभर पातळ होतो, तेवढ्यानं पकड सुटते आणि सेंटर बोल्ट कापला जातो. ५०० नंतर चारही चाकांचं मध्य ते मडगार्ड माप परत घ्या, रिकामं आणि भरलेलं. नवा पाटा पहिल्या महिन्यात पाच ते दहा मिमी बसतो, तेवढं चालतं. एका बाजूला जास्त बसला तर तो पाटा परत न्या.

हिंगणघाट_पांधण

पाटेवाल्याकडे मंगळवारी चाललो. प्रेसवर १८० किलोला दोन्ही बाजूंचा आकडा किती येते तो इथेच टाकतो.